छातीवरचं कंपनयंत्र : सात महिन्यांची वही

आधी माझ्याविषयी, म्हणजे पुढचं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. वय 68, राहणार सांगली. हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात 31 वर्षं दिवाणजी होतो. माझा आजार पहिल्यांदा दिसला तो खतावणीत. पानाच्या वरच्या ओळीत अक्षर नेहमीसारखं, खालच्या ओळीपर्यंत मुंगीएवढं. मालक म्हणाले, "दिवाणजी, शाई वाचवताय काय?" हात थरथरायला लागला तो त्यानंतर वर्षभरानं. मिरजेच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला आणि लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याला आता सहा वर्षं झाली.

यंत्र गेल्या दिवाळीत आलं. मारी बिस्किटाएवढी चकती, छातीच्या मधल्या हाडावर चिकटपट्टीनं लावायची, ती ठरावीक लयीत थरथरते. किंमत 28,000 रुपये. धाकट्यानं पुण्याहून मागवलं. जाहिरातीत एक गृहस्थ आधी पाय ओढत चालतात आणि चकती लावल्यावर ताठ चालत येतात. तो व्हिडिओ मी वीसेक वेळा तरी पाहिला असेल. सकाळची गोळी घेण्याआधी आणि घेतल्यावर तासाभरानं माझा व्हिडिओ काढला तर तोही असाच दिसेल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पहिले तीन आठवडे झकास गेले. सदऱ्याची सहा बटणं लावायला चार मिनिटं लागायची, ती अडीचवर आली. गणपतीच्या देवळापर्यंत काठी न घेता जाऊन आलो. भेटेल त्याला चकती दाखवत होतो.

जन्म हिशोबात गेला, म्हणून रोज वही लिहीत होतो. एका रात्री सुनेनं ती चाळली आणि म्हणाली, "आबा, गोळ्यांच्या वेळा बघितल्या का?" यंत्राच्या अ‍ॅपमध्ये गोळीचा गजर होता. पूर्वी मी सकाळची गोळी कधी सातला घ्यायचो, कधी नऊला, तीही दूध-उपम्याबरोबर. आता गजर वाजला की जेवणाआधी तासभर, रोज त्याच वेळेला. दूध, डाळ, अंडं यांतली प्रथिनं लेव्होडोपाच्या वाटेत येतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. म्हणजे रक्कम जमा झाली होती खरी, पण कुणाच्या खात्यावर मांडायची तेच कळेना.

मग इंजिनिअरिंगला असलेल्या नातवानं खोडी काढली. चकती बंद केली तर मला कळणारच, कारण छातीवर थरथर नाही. म्हणून त्यानं फेब्रुवारीत अ‍ॅपमध्ये सगळ्यात मंद, तुटक थरथर लावली आणि मला म्हणाला, "आबा, नवीन प्रोग्राम आलाय, जास्त भारी आहे." तीन आठवडे मी खूश. बटणं अडीच मिनिटांत. उलट "हे आधीच्यापेक्षा बरं" असं वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. खरं सांगितल्यावर दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. फ्रान्सच्या शार्को नावाच्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली. रेल्वेनं लांबचा प्रवास करून आलं की रुग्णांना बरं वाटतं हे ऐकून त्यांनी थरथरणारी खुर्ची बनवून घेतली होती, 1892 च्या सुमारास. (थरथरीनंच भागत असतं तर तासगावची एसटी पुरली असती, आणि तिचं तिकीटही स्वस्त.) त्याच कल्पनेची तपासणी अमेरिकेत झाली, ती 2012 साली छापून आली. काहींना कंपनाची खुर्ची, काहींना नुसते निसर्गाचे आवाज ऐकवत आरामात बसवणं. बरं दोघांनाही वाटलं, पण खुर्चीवाले काही पुढे गेले नाहीत. आणि हा नुसता मनाचा खेळ म्हणून सोडून देण्यासारखाही प्रकार नाही, असं ते म्हणाले. 2001 मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना औषधाच्या नावाखाली नुसतं मिठाचं पाणी टोचलं, तर त्यांच्या मेंदूत डोपामीन, म्हणजे या आजारात कमी पडणारं रसायन, खरोखर वाढलेलं स्कॅनवर दिसलं. म्हणजे माझी बटणं खोटी नव्हती. 28,000 मात्र नाहक गेले. एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली : असल्या यंत्रानं बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनानं कमी करायची नाही.

मार्चमध्ये पंधरा दिवस चकती काढून ठेवली, गजर तेवढा चालू. पहिले चार दिवस वाईट गेले. पुढे बटणं दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर स्थिरावली.

त्यात एप्रिल-मे. सांगलीच्या उन्हात चिकटपट्टी दुपारी बारापर्यंत सुटते, छातीचे केस उपटत निघते आणि खाली लाल चट्टे. पट्ट्यांचा महिन्याचा खर्च 900 रुपये, हे विकत घेताना कुणी बोललं नव्हतं. परत घ्या म्हटलं तर विकणाऱ्यांनी "तुम्ही पूर्ण कोर्स केला नाही" असं कळवलं. कोर्स किती महिन्यांचा, ते पावतीवर नाही, डब्यावर नाही.

एक जमा मात्र प्रामाणिकपणे लिहितो. देवघराच्या उंबरठ्याशी माझे पाय जमिनीला खिळतात. मागून कुणी "चला, चला" म्हटलं की आणखीच. तिथं चकतीची लय धरून पाऊल उचललं की सुटायचं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं की बाहेरून ठोका किंवा समोर रेघ मिळाली की अडकलेलं पाऊल पुष्कळांचं सुटतं, ही जुनी, माहितीतली युक्ती आहे. त्यांनी उंबरठ्याच्या अलीकडे हिरव्या टेपच्या चार आडव्या पट्ट्या मारल्या. टेप 40 रुपयांची. मी स्वतः फोनवर तबल्याचं फुकट अ‍ॅप घेतलं. तरुणपणी भजनात टाळ धरायचो, त्यामुळे केरवा अंगात आहे. धा गे ना ती, ना क धी ना. "धा"ला उजवा पाय. लय चढी लावली तर तोल जातो, म्हणून संथच. बायको म्हणते, घरात रोज एकादशी.

ताऱ्यांचं विचाराल तर पाचपैकी दोन, त्यातला एक गजराचा.

परवा कवठेमहांकाळहून एकांचा फोन आला, त्यांच्या वडिलांसाठी जुनं यंत्र विकत हवं होतं. विकणार नाही म्हटलं. पंधरा दिवसांसाठी घेऊन जा, पैसे नकोत, पट्ट्या तेवढ्या तुमच्या. पण आधी आठ दिवस वडिलांच्या गोळ्यांच्या आणि जेवणाच्या वेळा वहीत लिहा आणि ती वही घेऊन या. अजून आलेले नाहीत. डबा कपाटात आहे.