पुस्तक चार स्टार, छपाई एक स्टार

डिप्रेशनवरचं हे मराठी वर्कबुक नाशिकच्या एमजी रोडवरनं आणलं, अण्णांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. वय ७१, नोटप्रेसमधून रिटायर, सासूबाई गेल्यापासून जेलरोडच्या कट्ट्यावर जाणं बंद, पेपर सुद्धा घडी न मोडता पडून असायचा. डॉक्टर म्हणाले डिप्रेशन सौम्य आहे, आधी हे वर्कबुक चार आठवडे करून बघा. मी मनात म्हटलं, फी घेऊन वर वाचायला लावतात! तर ते म्हणे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड बर्न्सचं फीलिंग गुड १९८० चं, ते इंग्रजी पुस्तक वाचायला देऊन अमेरिकेत स्कॉगिन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये साठीच्या पुढच्या लोकांवर अभ्यास केला, चार आठवडे वाचन आणि दर आठवड्याला एक छोटासा फोन, आणि ज्यांना तेवढे दिवस पुस्तक न देता नुसतं थांबवलं होतं त्यांच्यापेक्षा वाचणाऱ्यांची उदासी बरीच कमी झाली.

आता पुस्तकाचं. अक्षर मुंगीएवढं, चष्मा लावून वर भिंग. भाषा तर विचारूच नका, 'संज्ञानात्मक विपर्यास' (म्हणजे विचार करण्यातल्या चुका) वाचून अण्णा म्हणाले हे आमच्या प्रेसच्या सर्क्युलरपेक्षा अवघड आहे. लिहायचे चौकोन एवढुसे की 'दुःख' लिहिलं की संपले. शेवटी झेरॉक्सवाल्याकडून तक्ते मोठे करून आणले, तेव्हा कुठे गाडी हलली.

पण तक्ता भारी आहे हं. काय घडलं, मनात काय आलं, किती वाईट वाटलं शंभरपैकी, आणि दुसरं काय असू शकतं. पहिल्या आठवड्यात अण्णांनी लिहिलं: पुण्याहून फोन नाही. माझी गरज उरली नाही. ८०. चौथा रकाना कोरा. दोन दिवसांनी त्यात बारीक अक्षरात, 'रेंज नसेल.' आणि ८० खोडून ५५.

डॉक्टरांकडची मुलगी दर मंगळवारी फोन करायची, तो नसता तर पुस्तक फ्रिजवरच राहिलं असतं, खरं सांगते. नुसतं पुस्तक हातात देऊन मोकळे होणार असाल तर घेऊ नका. आणि जेवण तुटलंय, जिवाचं काही बरंवाईट बोलतायत असं असेल तर पुस्तकाच्या भरवशावर अजिबात राहायचं नाही, सरळ डॉक्टर, रात्रीअपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, फुकट आहे.

अण्णा परवा स्वतः होऊन सोमेश्वरला गेले, येताना मिसळ खाऊन आले, ॲसिडिटी झाली ती वेगळीच. आता दुसरी वही आणलीय, दाखवत मात्र नाहीत कुणाला.