नाशिकमधील एक कथालेखन कार्यशाळा : तंत्र शिकवताना प्रतिभेचे काय होते?

गंगापूर रोडवरील एका संस्थेने नवोदितांसाठी घेतलेली चार रविवारांची कथालेखन कार्यशाळा मी नुकतीच पूर्ण केली. तिची जाहिरात सर्जनशीलता जागवण्याचे आश्वासन देणारी होती. प्रत्यक्ष शिकवले गेले ते मात्र जवळजवळ सगळे तंत्र. ही फसवणूक झाली असे मला मुळीच वाटत नाही. उलट, तंत्र नेटाने शिकवले गेल्यामुळेच या कार्यशाळेचे मोल वाढले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले सत्र शुद्धलेखनाचे होते आणि ते ऐकून अनेकांचे चेहरे पडले. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली केलेले चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली चार नियमांची भर यांवर मार्गदर्शकांनी बराच वेळ दिला. ‘बुद्धी’ दीर्घ, पण ‘बुद्धिबळ’ ऱ्हस्व का, किंवा ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होताना वेलांटी का बदलते, हे इतक्या सोप्या रीतीने शाळेतही कोणी समजावून दिले नव्हते. निवेदक, काळ आणि संवाद यांवरची सत्रेही नेमकी होती. मधल्या सुट्टीतला चहा आणि आसनव्यवस्था यांबद्दल तक्रारीला जागा नाही.

मला सविस्तर सांगायचे आहे ते तिसऱ्या रविवारच्या परिच्छेद-तपासणीबद्दल. प्रत्येकाने घरून लिहून आणलेला परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि सर्वांनी मिळून त्याची तपासणी करायची, अशी पद्धत होती. सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर, काम करणाऱ्या तरुणाने आपल्या शेडचे वर्णन आणले होते. ‘यंत्रांचा कर्णकर्कश आवाज आसमंतात घुमत होता आणि कामगारांच्या भाळी घामाचे मोती चमकत होते,’ असे त्याचे पहिले वाक्य होते. मार्गदर्शकांनी त्यावर शैलीची टीका केली नाही. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘हा आवाज कोण ऐकतो आहे आणि तो कुठे उभा आहे?’’ तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘‘सर, मशीन चालू असताना आम्हाला आवाज ऐकूच येत नाही. बंद पडली की लक्षात येतं.’’

दुपारनंतर त्याने वाचलेला नवा परिच्छेद असा होता : ‘सेकंड शिफ्ट संपली. लेथ बंद झाला आणि पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मोरे अजून हात धूत होता. कूलंटचा वास साबणाने जात नाही, हे त्याला माहीत होतं, तरी तो धूत होता.’ वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही. आता, निवेदकाची जागा निश्चित करणे हा शुद्ध तांत्रिक मुद्दा आहे, कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल असा. पण त्या एका प्रश्नामुळे उसनी आलंकारिक भाषा गळून पडली आणि त्या मुलाजवळ आधीपासून असलेले, दुसऱ्या कोणाजवळही नसलेले काहीतरी कागदावर आले. हात धुणाऱ्या मोरेची कल्पना त्याला कोणी शिकवली नव्हती, आणि त्या प्रश्नाशिवाय ती त्याला सुचलीही नसती. प्रतिभा आधी येते आणि तंत्र मागाहून तिची साफसफाई करते, हा आपल्याकडचा रूढ समज मला त्या दुपारी अपुरा वाटला.

आपल्या काव्यशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य मम्मट यांनी शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही काव्याची तीन वेगवेगळी कारणे मानली नाहीत. तिन्ही मिळून एकच कारण होते, असे त्यांनी आवर्जून सांगितले. शक्ती म्हणजे जन्मजात प्रतिभा, निपुणता लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्य यांच्या निरीक्षणातून येणारी, आणि अभ्यास जाणकारांच्या हाताखाली केलेला. सातपूरच्या त्या परिच्छेदात ही तिन्ही एकत्र दिसली. मार्गदर्शकांनी मम्मटाचा उल्लेख केला असता, तर जाहिरातीतील आश्वासनाचाही उलगडा झाला असता.

कार्यशाळा कमी पडली ती दुसऱ्या टोकाला. निवृत्त शिक्षिका असलेल्या एका ताईंची कथा गोदावरीच्या पुरावर होती. पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत आले की गळ्यापर्यंत, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. त्या चढत्या पाण्यावरच त्यांनी कथेचे टप्पे बेतले होते. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही, संघर्ष योग्य जागी, शेवटही पटणारा, आणि तरीही कथा निर्जीव होती. मार्गदर्शकांनी शेवटी कलाटणी देण्याचा सल्ला दिला. तो मला पटला नाही. जिथे तंत्र आधीच पुरेसे आहे, तिथे आणखी तंत्र सुचवून काय साधणार? पुलावरच्या गर्दीत मारुतीकडे न पाहणारा कोणी होता का, तो कुठे पाहत होता, असा एखादा प्रश्न त्यांना विचारायला हवा होता. लेथवरच्या मुलाला जो न्याय मिळाला, तो या ताईंना मिळाला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आणखी एक उणीव म्हणजे तुकडी फार मोठी होती, त्यामुळे अनेकांचे परिच्छेद वाचायचेच राहून गेले. शेवटच्या रविवारचे प्रकाशनविषयक व्याख्यानही घाईत उरकले गेले.

ज्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण लिहायला बसल्यावर भलतीच भाषा उमटते, त्यांनी ही कार्यशाळा अवश्य करावी. ज्यांचे लेखन आधीच निर्दोष आहे, त्यांनी नाव नोंदवण्यापूर्वी आपल्या मजकुरावर स्वतंत्र चर्चा होणार आहे का, हे विचारून घ्यावे. आयोजकांनी पुढील वेळी तुकडी निम्मी करावी, प्रकाशनाचे व्याख्यान वगळावे आणि तो सगळा वेळ परिच्छेद वाचण्यासाठी द्यावा.