को-विन पोर्टल : शंभर नावांची यादी, दहा डोसांची कुपी

१६ जानेवारी २०२१ ला देशात कोविड लसीकरण सुरू झाले तेव्हा पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. मुंबईत त्या दिवशी ४,००० जणांना लस द्यायची होती. आले निम्म्याहून थोडे कमी. ‘डॉक्टरच लसीला घाबरतात’ असा बोभाटा झाला. भीती होतीच, पण को-विनच्या, म्हणजे लसीकरणाच्या नोंदणीसाठीच्या सरकारी पोर्टलच्या, पहिल्या आवृत्तीनेही घोळ घालायला कसर सोडली नाही.

रचना अशी होती : रुग्णालयाने कर्मचाऱ्यांची माहिती एक्सेलमध्ये भरून द्यायची, पोर्टल त्यातून सत्राला १०० नावे काढणार आणि एसएमएस पाठवणार. तारीख निवडायची सोय नाही. पोर्टलला ड्युटीचा तक्ता कुठून कळणार? रात्रपाळी करून घरी गेलेल्या सिस्टरचे नाव सकाळच्या यादीत यायचे. गरोदर आणि स्तनदा मातांना तेव्हा लस नव्हती, कोविडमधून उठलेल्यांना ४ ते ८ आठवडे थांबायचे होते. यादीत मात्र तीही नावे. काहींना एसएमएसच गेला नाही. उलट दारात येऊन थांबलेला वॉर्डबॉय त्या दिवशीच्या यादीत नाही म्हणून परत.

याचा फटका कुपीला बसायचा. कोव्हिशील्डच्या कुपीत ०.५ मिलीचे १० डोस. उघडल्यावर ४ तासांत संपवायचे. बालकांच्या काही लसींची उघडी कुपी नियम पाळून पुढच्या सत्राला वापरता येते, इथे ती मुभा नव्हती. शेवटच्या कुपीला तिघेच आले तर ७ डोस टाकायचे, किंवा तिघांना ताटकळत ठेवायचे. कोव्हॅक्सिनची सुरुवातीची कुपी २० डोसांची, म्हणजे अडचण दुप्पट. शिवाय या लसीच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निकाल आले नव्हते, वेगळ्या संमतिपत्रावर सही द्यावी लागे आणि लस निवडता येत नव्हती. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पत्र देऊन कोव्हिशील्ड मागितली, ती याच कारणाने. हा दोष पोर्टलचा नव्हे, हे मान्य.

काही दिवसांतच नोंदणी झालेल्या दुसऱ्या कर्मचाऱ्याला केंद्रावरच सत्रात घ्यायची सोय आली. एवढी साधी गोष्ट पहिल्या दिवशी का नव्हती, कळत नाही. त्यानंतर कुपी फोडण्याआधी वॉर्डात फोन करून दहा जण जमवता येऊ लागले.

प्रमाणपत्र मात्र उत्तम : क्यूआर कोड, लसीचे नाव, तारीख, लगेच डाउनलोड. अडायचे ते मोबाइल क्रमांकावर. रुग्णालयाच्या यादीत एक क्रमांक आणि दुसऱ्या डोसला कर्मचाऱ्याने दिलेला दुसरा, असे झाले की पोर्टल त्याला नवा माणूस समजायचे आणि पहिल्या डोसची दोन प्रमाणपत्रे निघायची. १० जानेवारी २०२२ पासून प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा डोस, सुरू झाला, त्यासाठी दुसऱ्या डोसला ९ महिने झालेले असणे गरजेचे होते. दुसरा डोस नोंदलाच नसेल तर तो कर्मचारी पात्र ठरणार कसा? अशा दोन नोंदी जोडायची सोय पोर्टलवर तक्रारीच्या विभागात नंतर आली. त्यासाठी दोन्ही नोंदींतले नाव, जन्मवर्ष आणि ओळखपत्र जुळते का, हे आधी बघून घ्यावे लागे.