फ्रॅपे फ्रेमवर्क आवृत्ती १५ चे बेंच: सात महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

ईआरपीनेक्स्ट हे मुंबईत जन्मलेले, कंपनीचे हिशेब-साठा असे व्यवहार सांभाळणारे मुक्त सॉफ्टवेअर, फ्रॅपे या फ्रेमवर्कवर उभे. त्याच्या कोडमध्ये हात घालायचा तर आधी बेंच उभे करावे लागते. बेंच हे कमांड लाइनवरचे साधन, आणि ते जो फोल्डर तयार करते त्यालाही बेंचच म्हणतात. त्या फोल्डरात ॲप्स (कोड), साइट्स (प्रत्येकीचा वेगळा डेटाबेस), पायथनचे स्वतंत्र एन्व्ह (पॅकेजांची वेगळी जागा), मेमरीत डेटा ठेवणाऱ्या रेडिसच्या कॉन्फिग फाइली आणि प्रॉकफाइल (चालू करायच्या प्रोसेसची यादी) असते. उभारणी एका दुपारीत होते. पुढची बहुतेक दुखणी मात्र बेंच गुपचूप जे ठरवून टाकते त्यातून निघतात.

इथे लिहिलेले सगळे उबुंटू २४.०४ आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवरचे आहे. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधले लिनक्स) चालते, पण फोल्डर लिनक्सच्याच होममध्ये ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवला की सगळे रेंगाळते, आणि बदललेल्या फाइली पुन्हा बांधणाऱ्या वॉच प्रोसेसला फाइल सेव्ह केल्याचे कळतही नाही.

उबुंटू २४.०४ वर साध्या पिपने (पायथनचे पॅकेज साधन) बेंच टाकायला गेले की सिस्टिमचे पायथन हात लावू देत नाही. त्याच्याशी जबरदस्ती करू नका, प्रत्येक साधनाला वेगळे एन्व्ह देणाऱ्या पिपएक्सने टाका. जावास्क्रिप्ट चालवणारे नोड १८ एनव्हीएम या नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातून घ्या आणि ती आवृत्ती डिफॉल्ट करून ठेवा. नाहीतर नवीन टर्मिनल उघडले की भलतेच नोड लागते आणि सॉकेट आयओ (ब्राउझरला ताजे बदल कळवणारी प्रोसेस) पडते. यार्न (नोडचे पॅकेज साधन) १ मालिकेतलेच हवे.

खरा वेळ जातो तो मारियाडीबी या डेटाबेस सर्व्हरमध्ये. उबुंटूवर तिचा रूट वापरकर्ता युनिक्स सॉकेटने, म्हणजे लिनक्सच्या लॉगिनवरून, ओळखला जातो, पासवर्डने नाही. साइट बनवताना बेंच रूटचा पासवर्ड विचारते, आपण बरोबर देतो, आणि तरी ‘ॲक्सेस डिनाइड’ येते. रूटला पासवर्ड लावण्यापेक्षा सर्व अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता बनवा आणि न्यू-साइटच्या कमांडला त्याचे नाव द्या. त्याच बैठकीत सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४, कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचा नियम) यूटीएफ८एमबी४ युनिकोड सीआय आणि क्लायंट हँडशेक फॉल्स असे लिहून मारियाडीबी रीस्टार्ट करा. हे साइट बनवण्याआधी व्हायला हवे. सर्व्हरचा डिफॉल्ट नंतर बदलला तरी आधी तयार झालेली टेबले जुन्याच कोलेशनवर राहतात, आणि मग दोन टेबलांच्या जोडणीत ‘इल्लीगल मिक्स ऑफ कोलेशन्स’ ही चूक नको तेव्हा डोके वर काढते.

पुढचा क्रम सरळ आहे. बेंच इनिटला ब्रँच व्हर्जन-१५ द्या, मग ईआरपीनेक्स्ट गेट-ॲपने त्याच ब्रँचवरून आणा. आवृत्ती १४ पासून भारताचे जीएसटी मूळ ॲपमध्ये नाही, त्यासाठी इंडिया कंप्लायन्स हे ॲप ईआरपीनेक्स्टनंतर बसवावे लागते. साइटचे नाव डेव्ह डॉट लोकलहोस्ट असे ठेवा. लोकलहोस्टने संपणारी नावे ब्राउझर आपोआप आपल्याच मशीनकडे वळवतात, होस्ट्स फाइलला हात लावावा लागत नाही. पोर्ट ८०००.

बेंच स्टार्टने वेब, सॉकेट आयओ (९०००), वॉच, शेड्यूलर, वर्कर आणि दोन रेडिस (११००० व १३०००) एका टर्मिनलमध्ये चालू होतात. सिस्टिमचे रेडिस ६३७९ वर असते, त्याचा इथे संबंध नाही. मायग्रेट (डेटाबेसची रचना कोडशी जुळवणारी कमांड) चालवताना ‘रेडिस चालू नाही’ अशी तक्रार आली तर सिस्टिमची सर्व्हिस रीस्टार्ट करून काही होणार नाही. दुसऱ्या टर्मिनलमध्ये बेंच स्टार्ट चालू हवे, एवढेच. वॉच ‘ईएनओएसपीसी’ म्हणून पडले तर डिस्क भरलेली नसते. आयनोटिफाय या फाइलींवर नजर ठेवणाऱ्या लिनक्सच्या सोयीची वॉचची मर्यादा संपलेली असते, ती sysctl मध्ये ५२४२८८ करा.

डेव्हलपर मोड पहिल्याच दिवशी चालू करा. तो असेल तरच नवीन डॉकटाइपच्या (फ्रॅपेतला नोंदीचा प्रकार) जेसन, पायथन आणि जावास्क्रिप्ट फाइली ॲपच्या फोल्डरात लिहिल्या जातात. बंद असेल तर केलेले काम फक्त डेटाबेसमध्ये राहते आणि गिटला त्याचा पत्ता नसतो. तयार फॉर्म बदलायच्या कस्टमाइझ फॉर्मचे मात्र मोड चालू असूनही तसेच आहे. तिथले बदल एक्स्पोर्ट कस्टमायझेशन्सने किंवा हुक्स फाइलीत फिक्स्चर (डेटाबेसमधल्या नोंदींची फाइल) नोंदवून बाहेर काढावे लागतात. नवख्यांचे सर्वाधिक काम इथेच हरवते.

गिटच्या बाबतीत बेंचचा स्वभाव आम्हाला अजून पटलेला नाही. ते ॲप उथळ क्लोन करते, म्हणजे इतिहासात एकच कमिट, आणि रिमोटचे नाव ओरिजिन नसून अपस्ट्रीम. जुना बदल कोणी का केला हे शोधायला जावे तर ब्लेम (ओळ कोणी बदलली ते सांगणारी गिटची कमांड) सगळा दोष त्या एका कमिटवर ढकलतो. रिमोटच्या सगळ्या ब्रँच जोडून अनशॅलो फेच (पूर्ण इतिहास ओढणे) एकदा करून टाका. बेंच अपडेटला रीसेट हा पर्याय कधीही लावू नका, कमिट न केलेले सगळे न विचारता पुसले जाते. खरे तर डेव्हलपमेंटच्या बेंचवर अपडेट कमांड वापरूच नये. ॲपमध्ये जाऊन पुल, मग रिक्वायरमेंट्स, मग मायग्रेट, असे हाताने केले की काय कुठे मोडले ते लगेच दिसते. मूळ प्रकल्पाकडे बदल पाठवायचा असेल तर तो डेव्हलप ब्रँचवर द्यावा लागतो, आणि त्यासाठी वेगळे बेंच ठेवा. एकाच बेंचमध्ये ब्रँच बदलत राहिलात तर डेटाबेसची रचना पुढे जाते आणि मागे येत नाही.

टेस्टसाठीही वेगळी साइट हवी, कारण टेस्ट स्वतःचे ग्राहक, वस्तू आणि कंपन्या साइटमध्ये भरून ठेवतात. त्या साइटच्या कॉन्फिगमध्ये अलाउ टेस्ट्स चालू केल्याशिवाय रन-टेस्ट्स पुढे सरकत नाही. पूर्ण ईआरपीनेक्स्टच्या टेस्ट लॅपटॉपवर चालवण्यात अर्थ नाही, हात लावलेल्या डॉकटाइपपुरत्या चालवा.

आणि पीडीएफ. पीडीएफ बनवणारे साधन डब्ल्यूकेएचटीएमएल-टू-पीडीएफ उबुंटूच्या भांडारातून पॅच केलेल्या क्यूटीशिवाय येते, त्यामुळे बिलावरचे हेडर-फूटर गायब होतात. ०.१२.६ ची ‘विथ पॅच्ड क्यूटी’ अशी नोंद असलेली प्रतच बसवा. तरीही मराठी नावांच्या जागी चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही. नोटो किंवा लोहित देवनागरी सिस्टिममध्ये टाका, ब्राउझरमध्ये अक्षरे नीट दिसतात यावर जाऊ नका. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर साइटच्या कॉन्फिगमधल्या होस्ट नेममध्ये पोर्ट ८००० लिहायचा राहून गेलेला असतो. पोर्टशिवाय ते साधन लोगो आणि स्टाइलच्या फाइली ८० वर शोधत बसते, आणि तिथे कोणीच नसते.

डॉकरचा तयार डेव्ह कंटेनर (सगळे आधीच बसवलेले वेगळे वातावरण) मारियाडीबी आणि नोडची वरची कटकट वाचवतो. महिन्यातून एकदा कोड उघडणाऱ्याने तोच घ्यावा. रोज काम करणाऱ्याला मात्र आम्ही थेट मशीनवरचेच बेंच सुचवू.