अथेन्सच्या अगोरा उत्खननाची डिजिटल नोंदसूची : एक परीक्षण

अथेन्सच्या प्राचीन अगोरात, म्हणजे नगराच्या मुख्य चौकात, ‘अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज’ ही संस्था १९३१ पासून उत्खनन करीत आहे. तेथे निघालेल्या वस्तूंची नोंदसूची संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. शिलालेखांचे तुकडे आणि लहानसहान वस्तू यांच्या नोंदी कशा ठेवाव्यात, याविषयी ज्याला आस्था आहे त्याने ही सूची सवडीने वाचावी, असे मी मनापासून सांगेन.

पद्धत वरकरणी साधी आहे. शिलालेखाला ‘आय’, मातीच्या भांड्याला ‘पी’, दिव्याला ‘एल’, नाण्याला ‘एन’, अशी प्रकारानुसार अक्षरे आणि त्यापुढे क्रमांक. एकट्या शिलालेखांचे क्रमांकच सात हजारांच्या पुढे गेले आहेत. त्यांत नंतरच्या काळात भिंतीत चिणलेल्या किंवा भरावात टाकलेल्या शिळांचे तुकडे पुष्कळ आहेत. तुकड्याची जाडी किती, कोणती कड मूळची आणि कोणती फुटलेली, हे नोंदलेले नसेल तर वीस वर्षांनी सापडलेला दुसरा तुकडा त्याला जुळवणार कशाच्या आधाराने?

या सूचीचे खरे सामर्थ्य मला दोन नोंदींत दिसले. ‘आय ५५१०’ हा इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमाराचा हद्दीचा दगड आहे. ‘मी अगोराची हद्द आहे’ एवढाच मजकूर त्यावर कडेकडेने कोरलेला आहे. दुसरी नोंद, ‘पी २२९९८’, काळ्या झिलईच्या प्याल्याच्या बुडाची आहे. त्यावर ‘सिमोनोस’, म्हणजे ‘सिमोनचा’, अशी अक्षरे ओरखडलेली आहेत; ग्रीक लिपीतील या नावाचे चौथे अक्षर दीर्घ ‘ओमेगा’ असायला हवे, तेथे जुन्या वळणाप्रमाणे ऱ्हस्व ‘ओमिक्रॉन’ आहे. नुसते बूड हाती आले असते तर ते केवळ एका मालकाचे नाव ठरले असते. परंतु त्याच परिसरातील, हद्दीच्या दगडाला लागून असलेल्या घरात जोड्यांना ठोकायचे लोखंडी खिळे आणि नाडीच्या भोकांसाठीची हाडाची कडी सापडली, आणि सॉक्रेटिस सिमोन नावाच्या चर्मकाराच्या दुकानात येत असे, असे ग्रीक तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणाऱ्या दिओजेनीस लाएर्तिओसने लिहून ठेवले आहे. ते दुकान हेच, असे ठामपणे म्हणता येणार नाही. तरीही हा प्रश्न विचारता तरी येतो, तो गंजक्या खिळ्यांचीही जागेसह नोंद झाली म्हणूनच.

वस्तूच्या पत्रकापुरते न थांबता उत्खनकांच्या हस्तलिखित नोंदवह्यांची पानेही पाहता येतात, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. मात्र पत्रकावरील वर्णन हे मुळात नोंद करतानाचे वाचन असते. शिलालेखाचे सुधारित वाचन हवे असल्यास प्रकाशित खंडांकडेच वळावे लागते. तसेच झिजलेले अक्षर छायाचित्रावरून ठरवू नये. तिरप्या उजेडात दगड न्याहाळणे किंवा ओला कागद ब्रशने ठोकून घेतलेला ठसा तपासणे, याला पर्याय नाही. हा दोष सूचीचा नव्हे, तर छायाचित्राच्या माध्यमाचा आहे.

नवख्या वाचकाला अक्षरांचे संकेत आणि ‘एच ६:५’ यांसारखे उत्खननाच्या नकाशावरील चौकटींवरून दिलेले विहिरींचे क्रमांक सुरुवातीला अडखळवतात. त्याने थेट शोध घेण्यापूर्वी वरील दोन नोंदी उघडाव्यात आणि तेथून नोंदवहीच्या पानापर्यंत मागे जाऊन पाहावे.