चार गॅसचा डिटेक्टर, ९ महिने वापरून सांगतोय: घ्या, पण पंपवालाच घ्या

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या प्रोसेस हाऊसला मी मेंटेनन्स बघतो, डाईंग, बॉयलर आणि ईटीपी (म्हणजे सांडपाणी साफ करायचा प्लँट) तिन्ही माझ्याकडंच. हे मशीन घेऊन ९ महिने झाले, ३८ हजार अधिक जीएसटी पडले. ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साईड, हायड्रोजन सल्फाईड आणि पेटणारा गॅस असे चार दाखवतंय. पहिल्या आठवड्यातच पाच स्टार टाकणार होतो, थांबलो ते बरं झालं.

आधी हे सांगतो की घेतलं कशासाठी. १२ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका युनिटला हेल्पर होतो. तिथं ईटीपीची टाकी साफ करायची होती, झाकण काढलं तेव्हा सडक्या अंड्यासारखा घाण वास आला आणि अर्ध्या तासानं वास येईनासा झाला, सगळे म्हणाले गॅस गेला आता उतरा. आमच्यातले एक मामा उतरले आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवर गुडघ्यातच बसले. गॅस कुठंच गेला नव्हता, आमचं नाक मेलं होतं. हायड्रोजन सल्फाईड १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की वास ओळखायची नाकाची ताकदच जाते, हे मला कितीतरी वर्षांनी ट्रेनिंगमध्ये कळलं. मामांच्या कमरेला दोरी होती म्हणून ओढून काढता आलं, त्यांना धरायला आत उतरणाऱ्या एका पोराला दोघांनी मागनं घट्ट धरून ठेवलं होतं नाहीतर दोघं गेले असते. मामा वाचले. त्यांचे निळे पडलेले ओठ मला अजून दिसतात.

लोक विचारतात टॉवेलच्या कारखान्यात कसला आलाय गॅस. अहो कापडावरची कांजी धुऊन ईटीपीत जाते, रिअॅक्टिव्ह डाईंगला ग्लॉबर सॉल्ट पोत्यानं लागतं म्हणजे सल्फेट, आणि पाणी साचून राहिलं, हवा मिळाली नाही की त्यातले जिवाणू कांजी खाऊन त्या सल्फेटचाच हायड्रोजन सल्फाईड करतात. सिद्धेश्वर यात्रेला प्लँट चार दिवस बंद राहिला की पहिल्या दिवशी टाकीजवळ जायच्या आधी शंभरदा विचार करायला पाहिजे.

यंदा गड्ड्यानंतर, म्हणजे त्या यात्रेनंतर, तेच झालं. झाकण काढलं, मशीन दोरीनं आत सोडून वर काढलं आणि मेमरीतला जास्तीत जास्त आकडा बघितला तर हायड्रोजन सल्फाईड ४ पीपीएम, ऑक्सिजन २०.९ टक्के, सगळं ठीक दिसत होतं. आमच्याकडच्या अण्णांनी लांब बांबूनं तळाचा गाळ नुसता ढवळला आणि मशीन परत आत सोडलं तर आतूनच बोंबलायला लागलं, लाल लाईट, व्हायब्रेशन, वर काढून बघितलं तर हायड्रोजन सल्फाईड ४६. गॅस गाळात अडकलेला असतोय, माणूस आत उतरून फावडं मारतो तेव्हाच सुटतोय. त्यादिवशी ब्लोअर लावून दोन तास थांबलो, परत ढवळलं, परत बघितलं, मगच उतरलो. हायड्रोजन सल्फाईडचा अलार्म १० आणि १५ ला सेट येतोय, ऑक्सिजनचा १९.५ च्या खाली, त्याला हात लावू नका. सारखं वाजतंय म्हणून सेटिंग वाढवा असं आमच्यातला एकजण म्हणाला होता, मी सरळ पासवर्ड बदलला.

आता पंपाचं. मी घेतलं ते बिनपंपाचं, म्हणजे गॅस आपणहून मशीनजवळ आला तरच कळणार. छातीला लावून टाकीत उतरायचं आणि मग वाजलं तर काय उपयोग, तोपर्यंत तुम्ही आत आहात. उतरायच्या आधी वर उभं राहून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणची हवा नळीनं ओढून बघायला लागते, कारण हायड्रोजन सल्फाईड हवेपेक्षा जड, खाली बसतो, आणि मिथेन हलका, वर राहतो. विकणाऱ्यानं हे एका शब्दानं सांगितलं नाही. दोरीनं सोडत बसलो, शेवटी हातपंप आणि १० मीटर नळी वेगळी घेतली. नळी लावली की दम धरा, मीटरला तीनएक सेकंद हवा वर यायलाच लागतात आणि त्यानंतर प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं तरी आकडा स्थिर होऊ द्या. घाईनं नळी काढून ओके म्हणू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बंप टेस्ट. म्हणजे माहितीतला गॅस सिलेंडरमधून मशीनवर सोडायचा आणि बरोबर आकडा येतोय का बघायचं. सिलेंडर आणि रेग्युलेटरला १४ हजार वेगळे गेले, मालक म्हणाले मशीन नवीन आहे कशाला पाहिजे. सहाव्या महिन्यात टेस्ट घेतली तर पेटणाऱ्या गॅसचा आकडा ५० यायला पाहिजे तिथं ३१ आला. कारण काढलं तर आमचा ऑपरेटर रोज मशीन स्टेंटरच्या (कापड ताणून वाळवायच्या मशीनच्या) पॅनेलजवळ चार्जिंगला लावत होता, आणि स्टेंटरवर टॉवेलला सिलिकॉन सॉफ्टनर चालतंय. सिलिकॉनच्या वाफेनं हा सेन्सर मरतो, हळूहळू आणि गुपचूप. आणि मेलेला सेन्सर स्क्रीनवर शून्यच दाखवतो, चांगल्या हवेतही शून्यच असतंय, नुसतं बघून फरक कळणार कसा? सेन्सर वॉरंटीत बसत नाही म्हणाले, स्वखर्चानं बदलला. प्रोसेस हाऊसवाल्यांनो, मशीन ऑफिसमध्ये ठेवा, स्टेंटरच्या आसपास नको.

सुरू करताना पण बाहेर मोकळ्यावर करा. एकदा पोरानं बॉयलरच्या दारात चालू करून झीरो करून टाकलं, म्हणजे तिथली खराब हवाच मशीननं चांगली धरली आणि पुढचे सगळे आकडे कमी.

क्लोरीन यात कळत नाही हे डोक्यात पक्कं ठेवा. ब्लीचिंगला हायपो (सोडियम हायपोक्लोराईट) वापरत असाल आणि चुकून त्यात ॲसिड पडलं तर क्लोरीन निघतो आणि हे मशीन हिरवी लाईट दाखवत बसेल. त्याला वेगळा सेन्सर लागतो. चार गॅस म्हणजे चारच गॅस.

बाकी बॉडी मजबूत, दोनदा काँक्रीटवर पडलं काही झालं नाही. चार्जिंग दीड शिफ्ट आरामात. मे महिन्यातल्या आपल्या सोलापूरच्या उन्हात स्क्रीन वाचता येत नाही, हाताची सावली करायला लागते, आणि पत्र्याच्या शेडखाली किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, ५० डिग्रीपर्यंतच चालतंय असं पुस्तकात लिहिलंय. आवाज मात्र एक नंबर, डाईंगचं जेट मशीन चालू असताना पण ऐकू येतो. क्लिप पाचव्या महिन्यात तुटली.

ज्यांचे मालक खर्चाला नाही म्हणतात त्यांच्यासाठी, मी आमच्या मालकांना तेव्हाच्या फॅक्टरी ॲक्ट १९४८ चं कलम ३६ प्रिंट काढून दाखवलं. त्यात असं होतं: गॅस असू शकतो अशा टाकीत आधी गॅस काढायचे सगळे उपाय करायचे, आणि मग एकतर जाणकार माणसानं स्वतः तपासून लेखी दिल्यावर उतरवायचं, नाहीतर श्वासाचं उपकरण आणि दोरीचा पट्टा बांधून, दोरीचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात ठेवून. मालकांनी वाचलं आणि त्याच दिवशी ऑर्डर दिली.

एक स्टार कापला तो पंपाचं न सांगितल्याबद्दल. पंपवाला मॉडेल थोडा महाग आहे, पुढच्या वर्षी दुसऱ्या टाकीसाठी तोच घेणार आहे, सिलेंडर पण त्याच ऑर्डरमध्ये लिहून ठेवलाय.