टुंड्राचं मॉडेल जरूर घ्या, कार्डावरचा पेंग्विन मात्र झाकून ठेवा

नैसर्गिक प्रदेशांचा एक मराठी संच मिळतो, मोठी चित्रकार्डं आणि सोबत प्रत्येक प्रदेशाच्या जमिनीचा उभा छेद दाखवणारं प्लास्टिकचं मॉडेल. रत्नागिरीच्या बाजारपेठेतून साडेसहाशेला घेतला. घरी सहावी ते आठवीच्या शिकवण्या घेते, त्या मुलांसाठी. वाळवंट, गवताळ प्रदेश, विषुववृत्तीय जंगल हे सगळं ठीकठाक आहे, त्यावर फार लिहीत नाही. लिहायचंय ते टुंड्राबद्दल, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या वृक्षहीन, गोठलेल्या जमिनीच्या प्रदेशाबद्दल, कारण संचातली सगळ्यात भारी वस्तू टुंड्राची आणि सगळ्यात वाईट कार्डही टुंड्राचंच.

आधी मॉडेल. वीतभर उंच ठोकळा, वरचा हिरवट तपकिरी थर बोटभर जाडीचा आणि तो उचलून बाजूला काढता येतो. खालचा राखाडी थर मात्र पक्का चिकटवलेला, त्यात बर्फाच्या पांढऱ्या पाचरी रंगवल्यात, कितीही ओढा हलत नाही. ज्यांनी कुणी हे बनवलं त्यांना मनापासून दाद, कारण टुंड्रा समजायला हेच दोन थर पुरेसे आहेत. खालची जमीन कायम गोठलेली, सलग २ वर्षं तरी शून्याच्या खाली राहिली की तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात, आणि सायबेरियात काही ठिकाणी ती दीड किलोमीटरच्या आसपास खोल गेलीय. उन्हाळ्यात वितळतो तो फक्त वरचा थर, कुठे फूटभर कुठे थोडा जास्त, जे काय उगवायचं ते तेवढ्यातच. त्यात सगळ्यात उबदार महिन्याचं सरासरी तापमानसुद्धा १० अंशांच्या खाली, मग उंच झाड वाढणार कधी आणि मुळं रोवणार कुठे.

आमच्या मुलांनी कातळात सुरुंग लावून खड्डे पाडलेले बघितलेत, बाहेरून माती आणून भरायची आणि हापूसचं कलम लावायचं, त्यामुळे एकाने लगेच विचारलं, बाई मग तिकडे पण सुरुंग लावून खड्डे मारायचे ना? इतका चांगला प्रश्न मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. मी त्यालाच वरचा थर काढायला लावला आणि सांगितलं, बघ, हे शेवाळ आणि अर्धवट कुजलेला पालापाचोळा उन्हाळ्याची ऊब खाली जाऊ देत नाही, तू हाच खरवडलास तर खालचा बर्फ वितळणार, जमीन खचणार, तिथे पाण्याचं डबकं होणार आणि तुझं कलम त्या डबक्यात. कातळ फोडला तरी कातळच राहतो, ती जमीन तशी नाही. अलास्कात जुन्या काळी अवजड गाड्या टुंड्रावरून गेल्या त्यांच्या चाकोऱ्या कित्येक दशकांनी पण दिसतात. तिथली तेलाची मोठी पाइपलाइन अर्ध्याहून जास्त अंतर जमिनीच्या वर खांबांवर नेलीय ती याच कारणाने, गरम तेलाने खालची जमीन वितळू नये म्हणून. हे सगळं त्या निघणाऱ्या थरामुळे दोन मिनिटांत समजलं, नुसत्या पुस्तकावरून अर्धा तास गेला असता.

पाण्याचं पण तसंच. टुंड्रात वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून साधारण २५० मिलिमीटर, किंवा त्याहून कमी, आणि आमच्या रत्नागिरीत ३००० च्या वर. तरी उन्हाळ्यात तिकडे जिकडे तिकडे तळी आणि दलदल, कारण खाली गोठलेलं असल्याने पाणी मुरतच नाही आणि थंडीमुळे वाफ पण फारशी होत नाही. आणि डास तर विचारू नका.

आता कार्ड. टुंड्राच्या चित्रात रेनडिअरच्या शेजारी चक्क पेंग्विन उभा आहे! पेंग्विन दक्षिण गोलार्धातले, रेनडिअर उत्तर ध्रुवाकडचे, आणि हे मुलांच्या हातात द्यायच्या वस्तूवर छापलंय, याचा मला खरंच राग आला. त्याहून राग आला तो शीर्षकाचा, 'ओसाड, निर्जीव प्रदेश'. झाडं नाहीत म्हणजे निर्जीव? आर्क्टिक विलो नावाचं झुडूप तिथे जमिनीला चिकटून पसरतं, उंची जेमतेम काही सेंटिमीटर, पण चांगलं खोडाफांद्यांचं. रेनडिअर हिवाळ्यात ज्यावर जगतात ते लायकेन (आपलं मसाल्यातलं दगडफूल पण लायकेनच) वर्षाला काही मिलिमीटर वाढतं, एकदा तुडवलं गेलं की परत यायला दशकं लागतात. रशियाच्या उत्तरेकडच्या यामाल भागात नेनेत्स नावाचे तिथले मूळ लोक आजही रेनडिअरचे कळप घेऊन फिरतात. आपल्या कोकणातल्या सड्यांना, म्हणजे कातळाच्या पठारांना पण कागदोपत्री पडीक म्हणतात आणि श्रावण भाद्रपदात तिथे काय फुलतं ते आपण बघतोच, तेव्हा असली भाषा मुलांच्या डोक्यात जाऊ नये असं मला फार वाटतं.

पक्ष्यांबद्दल कार्डावर एकच ओळ, 'हिवाळ्यात दक्षिणेकडे जातात'. अहो, दक्षिणेकडे म्हणजे आपल्याकडेच येतात की! थंडीत किनाऱ्यावर लाटेच्या पुढे पुढे तुरुतुरु धावणारे ते छोटे पांढुरके सँडरलिंग आर्क्टिक टुंड्रात अंडी घालतात, खाडीच्या चिखलात दिसणारे लिटल स्टिंट आणि कर्ल्यू सँडपायपर पण तिकडचेच. मराठी संच काढता मग हे कार्डावर नको? आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र चालू आहे, ते बघणारी संस्था इथे खाली गोव्यात वास्कोला आहे, त्याचा पण उल्लेख नाही. आणि पर्माफ्रॉस्टमध्ये साधारण दीड हजार अब्ज टन कार्बन अडकलाय, हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट, जमीन वितळताना तो बाहेर पडतोय, याबद्दल एक शब्द नाही.

पॅकिंग बरं आहे. माझ्या डब्यात गवताळ प्रदेशाचा ठोकळा फुटका निघाला, दुकानदार काकांनी कुरकुर न करता बदलून दिला. कार्डांना लॅमिनेशन नाही, पावसाळ्यात कोपरे फुगतात, तेवढं स्वतः करून घ्या. मी पेंग्विनवर कागद चिकटवलाय आणि शीर्षक खोडून 'वृक्षहीन, गोठलेल्या जमिनीचा प्रदेश' असं लिहिलंय. प्रकाशकांना पत्र पाठवलंय, अजून उत्तर नाही. कुणाला नवीन छपाईचा संच मिळाला असेल तर टुंड्राचं कार्ड बदललंय का ते प्लीज कळवा.